शांत सूर्याचा चुंबकनकाशा वाचताना या चुका टाळा

शांत सूर्यावर, म्हणजे सौरडाग नसलेल्या भागात, चुंबकक्षेत्रच नाही, ही सगळ्यात चिवट चूक. नासाच्या एसडीओ या सूर्यनिरीक्षक उपग्रहावरच्या एचएमआय उपकरणाचा मॅग्नेटोग्राम, म्हणजे चुंबकक्षेत्राचा नकाशा, उघडला की सक्रिय भागांत ठसठशीत काळे-पांढरे पट्टे दिसतात आणि बाकीची तबकडी करडी. त्या करड्याला शून्य समजू नका.

तबकडीच्या मध्यावर एचएमआयचा एक पिक्सेल साधारण 360 किलोमीटरचा असतो. तेवढ्या जागेत उत्तर आणि दक्षिण ध्रुवता शेजारीशेजारी असल्या, तर झीमन परिणामामुळे (चुंबकक्षेत्रात वर्णरेषा फुटतात आणि त्यांचा प्रकाश ध्रुवित होतो) आलेले वर्तुळाकार ध्रुवण एकमेकांना खोडून काढते. क्षेत्र तिथेच असते, बेरीज तेवढी शून्य येते. हान्ले परिणामात (चुंबकक्षेत्रामुळे विखुरलेल्या प्रकाशाचे ध्रुवण बदलते) अशी वजाबाकी होत नाही. त्याच्याच आधारे त्रुहियो ब्युएनो आणि सहकाऱ्यांनी 2004 मध्ये या गुंतागुंतीच्या क्षेत्राचा सरासरी अंदाज सुमारे 130 गॉस (चुंबकक्षेत्राचे एकक) दिला. मला हा निकाल आजही थक्क करतो.

पिक्सेलवरचा आकडा म्हणजे खरी तीव्रता, असेही मानू नका. महाकणिकांच्या (पृष्ठभागावरच्या वायूच्या प्रचंड पेशींच्या) कडांवर, म्हणजे नेटवर्कमध्ये, हजार गॉसच्या वर तीव्रतेच्या बारीक नळ्या असतात. पिक्सेलभर सरासरी निघाली की तिथे शंभर-दोनशेच दिसतात.

आता उलटी चूक, आणि ही जाणकारांकडूनही होते. जपानच्या हिनोदे या सौर उपग्रहाच्या निरीक्षणांवरून 2008 मध्ये लाइट्स आणि सहकाऱ्यांनी आडवे (पृष्ठभागाला समांतर) क्षेत्र 55 आणि उभे 11 गॉस असे सरासरी आकडे मांडले. आडवे क्षेत्र रेषीय ध्रुवणातून काढतात आणि ते ध्रुवण क्षेत्राच्या वर्गाप्रमाणे वाढते. त्यामुळे क्षीण आडवे क्षेत्र सहज गोंगाटात (मोजमापातल्या यादृच्छिक चढउतारांत) बुडते, आणि वर्गमूळ काढल्यावर गोंगाट स्वतःच आडव्या क्षेत्राचे रूप घेतो. तुमच्या नोंदीत असे झाले आहे का, हे तपासायचे असेल तर एक्स्पोजर वाढवून पाहा. आडव्या क्षेत्राची सरासरी घसरत गेली, तर त्यातला बराच भाग गोंगाटाचा होता. मात्र फार वेळ जोडत बसू नका. कणिका (पृष्ठभागावरच्या वायूच्या छोट्या पेशी) पाच-दहा मिनिटांत बदलतात आणि चित्र पुसट होते.

नेटवर्क आणि त्याच्या आतला भाग एकाच आलेखात मिसळू नका. कॅल्शियम रेषेच्या चित्रात नेटवर्क उजळ दिसते, त्यावरून मुखवटा (कोणते पिक्सेल नेटवर्कचे, हे दाखवणारा नकाशा) बनवा. पुण्याच्या आयुका या खगोल संस्थेत घडलेल्या, आदित्य-एल1 वरच्या सूट या अतिनील दुर्बिणीमध्ये कॅल्शियमचा फिल्टर आहे. पण सूट चुंबकक्षेत्र मोजत नाही, त्याची उजळी गॉसमध्ये वाचू नका.

तबकडीच्या कडेजवळ, दृष्टिरेषेतले क्षेत्र कोनाच्या कोज्येने (cos) भागून उभे क्षेत्र काढण्याची सवयही आवरा. नेटवर्कच्या नळ्या उभ्या असतात, तिथे ते चालते. आतली वाकडी, आडवी क्षेत्रे मात्र त्या भागाकाराने उगाच फुगतात.