रेस्टॉरंटचं कौतुक वाचताना या चुका टाळा

रविवारच्या पुरवणीत एखाद्या नव्या रेस्टॉरंटवर पानभर लिहून येतं, त्याच आठवड्यात चार रील्स दिसतात, आणि आपण घरच्यांना घेऊन तिथे पोचतो. जेवण बेताचं निघतं, बिल मात्र दणकून येतं. मग आपण म्हणतो, ‘पेपरवाल्यांनी चक्क खोटं लिहिलं.’ इथेच वाचक म्हणून आपली पहिली आणि सगळ्यात मोठी चूक होते.

प्रसिद्धीसाठी लिहिलेल्या मजकुरात खोटं सहसा सापडत नाही. फोटोतली बिर्याणी खरीच असते, शेफ खरंच परदेशात शिकलेला असतो, जागाही प्रशस्त असते. गडबड असते ती गाळलेल्या गोष्टींत. म्हणून लेखात चुकीचं काय आहे हे शोधू नका, काय नाही ते शोधा.

हा एक नमुना पाहा. तो मीच रचला आहे, पण अशी वाक्यं तुम्ही नक्की वाचली असतील: ‘शहराच्या मध्यवर्ती भागात नुकतंच सुरू झालेलं हे रेस्टॉरंट खवय्यांसाठी पर्वणी ठरत आहे. कोकणापासून कोरियापर्यंतच्या चवींचा मिलाफ इथे अनुभवता येतो. अन्न ही आमच्यासाठी भावना आहे, असं संस्थापक सांगतात. खिशाला परवडणारे दर आणि आल्हाददायक वातावरण यामुळे सहकुटुंब आवर्जून भेट द्यावी.’

यात जेवलं कोण? कोणीच नाही. ‘नुकतंच’ सुरू झालेलं ठिकाण इतक्यात पर्वणी कोणासाठी ठरलं, याचा पत्ता नाही. दर परवडणारे आहेत, पण एकाही पदार्थाची किंमत दिलेली नाही. बोलतात ते फक्त मालक. शेजारच्या टेबलावरचं गिऱ्हाईक एक शब्द बोलत नाही. आता हे वाचा: ‘बांगडा ताजा होता, सोलकढी मात्र पाणचट. शनिवारी रात्री पाऊण तास थांबावं लागलं. दोघांचं बिल चौदाशे झालं, पाण्याची बाटली धरून.’ या लिहिणाऱ्याने खुर्चीवर बसून, स्वतःच्या जिभेने खाल्लेलं आहे हे लगेच कळतं. किंमत, वेळ, एखादी तक्रार आणि स्वतः मागवलेले पदार्थ, यांतलं काहीच नसेल तर तो लेख बहुधा प्रेसनोटवरून उतरवलेला असतो. खात्री करायची तर त्यातलं एखादं ठसठशीत वाक्य अवतरणचिन्हांत टाकून इंटरनेटवर शोधा. तेच वाक्य तीन ठिकाणी जसंच्या तसं सापडलं, की ते कंपनीच्या जनसंपर्क विभागाकडून आलंय हे वेगळं सांगायला नको.

दुसरी चूक म्हणजे ‘जाहिरात’ असा ठळक शब्द दिसला नाही की मजकूर पत्रकाराचाच आहे असं धरून चालणं. टाइम्स समूहाने २००३ मध्ये ‘मीडियानेट’ सुरू केलं आणि पुरवण्यांमधली प्रसिद्धी उघडपणे विकायला काढली. ‘बॉम्बे टाइम्स’च्या नावाजवळच बारीक अक्षरांत ‘अ‍ॅडव्हर्टोरियल (म्हणजे लेखाच्या रूपातली जाहिरात), एंटरटेनमेंट प्रमोशनल फीचर’ असं छापलेलं असायचं. म्हणजे सूचना होती, पण ती किती वाचकांच्या नजरेला पडत असेल? इतरत्र हीच गोष्ट ‘इम्पॅक्ट फीचर’, ‘पार्टनर्ड कंटेंट’, ‘ब्रँड कनेक्ट’ अशा नावांनी येते. लेखकाच्या नावाऐवजी नुसतं ‘वाणिज्य प्रतिनिधी’ असेल, तरी थांबून पाहा. २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीतल्या ‘पेड न्यूज’वर, म्हणजे पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांवर, देशभर गदारोळ झाला, प्रेस कौन्सिलने २०१० मध्ये त्यावर अहवाल काढला. जेवणाखाणाच्या पानांबद्दल तेवढा राग कोणालाच आला नाही. मला हे मनापासून खटकतं, कारण महिन्यातून एकदाच बाहेर जेवणाऱ्या घरासाठी दीड-दोन हजार रुपये ही थोडीथोडकी रक्कम नसते.

तिसरी चूक जरा अवघड आहे, कारण ती प्रामाणिक लेखकाच्या बाबतीतही होते. ‘त्याने पैसे घेतलेले नाहीत, म्हणजे त्याचं मत पक्कं,’ असं आपण मानतो. पण आमंत्रण देऊन केलेल्या टेस्टिंगला काय होतं ते डोळ्यांपुढे आणा. आडदिवशी दुपारी, गर्दी नसताना आठ-दहा जणांना बोलावतात. छोट्या वाट्यांतून निवडक पदार्थ येतात, शेफ टेबलापाशी उभं राहून प्रत्येकाची गोष्ट सांगतो, चांगल्या उजेडात फोटो काढून होतात. बिल येतच नाही. त्या माणसाने जे खाल्लं त्याबद्दल तो अगदी खरं लिहील, आणि तरीही शनिवारी रात्री नऊ वाजता तुमच्या टेबलावर तसं काहीच घडणार नाही.

न्यूयॉर्क टाइम्सच्या समीक्षक रूथ राइकल यांनी हे १९९३ मध्ये दाखवून दिलं. ‘ल सर्क’ या नामांकित रेस्टॉरंटमध्ये त्या वेश पालटून गेल्या, तेव्हा त्यांना ताटकळत ठेवलं आणि जेमतेम विचारलं. समीक्षक म्हणून ओळखल्या गेल्या, तेव्हा स्पेनचा राजा बारमध्ये थांबलाय पण तुमचं टेबल तयार आहे, असं स्वागत झालं. राइकल यांनी दोन्ही अनुभव शेजारी शेजारी छापले आणि रेस्टॉरंटच्या चार ताऱ्यांपैकी एक काढून घेतला. नाव लपवून जाणं, अनेकदा जाणं आणि बिल वृत्तपत्राने भरणं हा शिरस्ता त्याच वृत्तपत्रात आधीचे समीक्षक क्रेग क्लेबोर्न यांच्या काळापासून होता. आपल्याकडे इतका खर्च करणारी वृत्तपत्रं शोधावी लागतील. पण निदान ‘आम्हाला आमंत्रण होतं’ हे एक वाक्य लिहायला तर काही खर्च येत नाही. ते लिहिणाऱ्यावर मी जास्त विश्वास ठेवतो.

रील्सबद्दल नियम बरेच स्पष्ट आहेत, फक्त ते आपल्याला माहीत नसतात. जाहिरात क्षेत्राच्या ‘आस्की’ या स्वनियमन संस्थेची मार्गदर्शक तत्त्वं जून २०२१ पासून लागू आहेत. पंधरा सेकंदांपर्यंतच्या व्हिडिओत जाहिरातीचं लेबल किमान तीन सेकंद दिसायला हवं, दोन मिनिटांपर्यंतच्या व्हिडिओत एक तृतीयांश वेळ. कॅप्शनच्या तळाशी वीस हॅशटॅगांमध्ये ‘कोलॅब’ (ब्रँडशी भागीदारी) लपवणं त्यात बसत नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये काढलेल्या सूचनांनुसार फुकट जेवण, हॉटेलातला मुक्काम, सवलत, बार्टर (पैशांऐवजी वस्तू-सेवांची देवाणघेवाण) हे सगळं सांगणं बंधनकारक आहे, आणि तेही ज्या भाषेत शिफारस केली त्याच भाषेत. ‘पैसे घेतले नाहीत, फक्त जेवलो’ ही सबब म्हणूनच चालत नाही.

अ‍ॅपवरच्या ताऱ्यांचं थोडक्यात सांगतो. सरासरी आकडा पाहून ठरवू नका, ताजे अभिप्राय आधी लावा आणि तीन तारे देणारे लोक काय म्हणतात ते वाचा. कामाचं बोलणं बहुतेक तिथेच असतं. २०१७ मध्ये लंडनच्या उबा बटलर या तरुणाने स्वतःच्या घरामागच्या शेडला रेस्टॉरंट म्हणून नोंदवलं आणि खोट्या अभिप्रायांच्या जोरावर ट्रिपअ‍ॅडव्हायझर या ग्राहकांच्या अभिप्रायांच्या संकेतस्थळावर शहरात पहिल्या क्रमांकावर नेलं. तिथे तोवर कोणी जेवलेलंच नव्हतं.

हे सगळं कळल्यावर नेमकी उलटी चूक होते, आणि ती मला जास्त घातक वाटते: प्रत्येक कौतुक विकत घेतलेलं समजायचं. एखाद्या काकूंच्या खानावळीबद्दल कोणी भरभरून लिहिलं की लगेच खाली ‘किती मिळाले?’ असं विचारणारे येतात. जनसंपर्कावर खर्च करायची ऐपत नसलेल्या माणसाला खऱ्या कौतुकाचाच आधार असतो, तो असा फुकाचा हिरावून घेऊ नये. शंका आली तर लेखकाचे जुने लेख चाळा. त्याने कुठे तरी ‘नाही आवडलं’ असं लिहिलंय का? लिहिलं असेल, तर त्याच्या ‘आवडलं’ला किंमत आहे.

आणि लेबल न लावलेली जाहिरात ठळक दिसलीच, तर स्क्रीनशॉट काढून ठेवा, कारण पोस्ट गुपचूप बदलता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे; आस्कीच्या संकेतस्थळावरही तक्रार नोंदवता येते. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार शिफारस करणाऱ्यालाही दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.