‘हा पीसी पात्र नाही’ म्हणणाऱ्या जुन्या कॉम्प्युटरवर नवी सिस्टीम कशी टाकावी

विंडोज १० चे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. विंडोज ११ टाकायला जावं तर ‘हा पीसी किमान अटी पूर्ण करत नाही’ असा निरोप येतो, आणि माणूस चांगलं मशीन भंगारात द्यायला निघतो. जरा थांबा. टीपीएम २.० (सुरक्षेची चिप), सिक्युअर बूट (सुरू होताना सिस्टीमची खातरजमा करणारी सोय) आणि इंटेल प्रोसेसरची आठवी पिढी या अटी मायक्रोसॉफ्टने आखलेल्या आहेत, त्या ओलांडता येतात. ओलांडता न येणारी अट प्रोसेसरच्या आत असते.

म्हणून आधी प्रोसेसर बघा. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि परफॉर्मन्सच्या पानावर नंबर वाचा. आय५-३४७० म्हणजे तिसरी पिढी, आय५-८२५०यू म्हणजे आठवी. आय३-५४० सारखा तीन आकडी नंबर असेल तर पहिली. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून प्रोसेसरला एसएसई४.२ ही सूचनावली यावीच लागते. पहिल्या पिढीच्या आय३-आय५ पासून पुढे ती आहे. कोअर २ ड्युओमध्ये नाही, एएमडीच्या फेनॉम २ मध्येही नाही. अशा मशीनवर विंडोज ११ साठी कितीही जुगाड केला तरी ते लोगोपाशी अडकतं किंवा पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होतं. खात्री हवी असेल तर सीपीयू-झेड हे मोफत सॉफ्टवेअर चालवून ‘इन्स्ट्रक्शन्स’च्या ओळीत एसएसई४.२ शोधा.

आता काम बघा. मशीनवर टॅली चालते, डिजिटल सहीचं टोकन लागतं किंवा जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फॉन्टमधल्या फाइली रोज उघडाव्या लागतात, तर विंडोजच ठेवा. ब्राउझर, मेल, मुलांचा अभ्यास आणि व्हिडिओ एवढंच असेल तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट या मोफत सिस्टीमची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती टाका. कोअर २ ड्युओवर ४ जीबी रॅम असली तरी ती चालते, आणि मिंट २२ ला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट आहेत. प्रिंटरचाही विचार आताच करा. ऑफिसाऑफिसात दिसणारा कॅननचा एलबीपी२९०० लिनक्सवर फार छळतो. एचपीचा लेझरजेट १०२० चालतो, पण त्याला एचपीचं जादा प्लगइन इंटरनेटवरून उतरवावं लागतं. फक्त ३२ बिट चालणाऱ्या अ‍ॅटम नेटबुकवर मात्र पैसा घालवू नका.

खर्च करायचाच तर पहिला रुपया एसएसडीवर. २५६ जीबीची अडीच इंची साटा एसएसडी आणि एकूण ८ जीबी रॅम, एवढ्यात चौथ्या पिढीचं मशीन ऑफिसच्या कामाला पुरतं. चौथ्या पिढीच्या लॅपटॉपला १.३५ व्होल्टची डीडीआर३एल रॅम लागते, साधी डीडीआर३ नाही. नागपूरच्या बर्डीच्या बाजारात रॅम घ्यायला जाताना जुनी पट्टी काढून सोबत न्या आणि लेबल जुळवूनच घ्या.

नागपुरात एक काम आणखी करावं लागतं. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि इन्स्टॉलच्या वेळी प्रोसेसरवर बराच वेळ भार असतो. हीटसिंकमध्ये, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढणाऱ्या धातूच्या भागात, धुळीचा नमदा बसलेला आणि दोघांमधली थर्मल पेस्ट वाळून खडू झालेली असेल तर मशीन तापून मध्येच बंद पडतं, आणि अर्धवट सिस्टीम हाती राहते. हीटसिंक काढा, जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, मधोमध तुरीच्या दाण्याएवढी नवी पेस्ट ठेवा आणि स्क्रू कोपऱ्याकोपऱ्याने थोडेथोडे आवळा. पेस्ट जास्त फासली म्हणून गारवा वाढत नाही. कॉम्प्युटर कुलरच्या थेट झोतात ठेवू नका, दमट हवा आणि धूळ मिळून बोर्डावर चिखल धरतो. कुलर आणि कॉम्प्युटर एकाच एक्स्टेन्शनवर तर नकोच. मोटर सुरू होताना व्होल्टेज पडतो. डेस्कटॉप असेल तर यूपीएस लावून, आणि उन्हाळ्यात सकाळी लवकरच बसा. मशीन उघडलंच आहे तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेलही बदला. तो मेला की प्रत्येक वेळी तारीख मागे जाते आणि ब्राउझर सगळ्याच साइट असुरक्षित ठरवतो.

यानंतर बॅकअप. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, टॅलीचा डेटा फोल्डर आणि ब्राउझरचे पासवर्ड बाहेरच्या डिस्कवर घ्या, आणि दोनचार फाइली दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून पाहा. कॉपी झाली म्हणजे उघडेलच असं नाही. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप) सुरू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. लॅन आणि वायफायचे ड्रायव्हर वेगळ्या पेनड्राइव्हवर उतरवा. विंडोज ११ चे मिळाले नाहीत तर विंडोज १० चे बहुतेक चालतात.

विंडोजसाठी ८ जीबीचा पेनड्राइव्ह लागतो, आणि त्यावरचं सगळं पुसलं जातं. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोज ११ ची आयएसओ (इन्स्टॉलची फाइल) घ्या, ती रुफस या पेनड्राइव्ह बनवणाऱ्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये निवडा. २०१२ नंतरच्या बहुतेक मशीनला पार्टिशन स्कीम (डिस्कच्या मांडणीची पद्धत) जीपीटी, त्याआधीच्या साध्या बायोसला एमबीआर. ‘स्टार्ट’ दाबल्यावर जी छोटी खिडकी येते तीच महत्त्वाची: ४ जीबी रॅम, सिक्युअर बूट आणि टीपीएमची अट काढण्याच्या चौकटीवर खूण करा, आणि ऑनलाइन खात्याची अट काढण्याच्या चौकटीवरही. बरेच जण ही खिडकी न वाचताच ओके करतात आणि मग ‘पात्र नाही’ पुन्हा समोर येतं.

मशीन बंद करा. जुनी हार्डडिस्क आत ठेवायची असली तरी इन्स्टॉल होईपर्यंत तिची केबल काढून ठेवा. नाहीतर बूट करणाऱ्या फाइली कधीकधी जुन्या डिस्कवर जाऊन बसतात, आणि सहा महिन्यांनी ती डिस्क मेली की चांगली एसएसडीही सुरू होत नाही. बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, साटा मोड एएचसीआय आहे ना ते आताच पाहा. हा मोड नंतर बदलला तर निळा पडदा दिसतो.

बूट मेनूसाठी मशीन सुरू होताच डेल, लेनोव्हो आणि एसरवर बहुधा एफ१२, एचपीवर एफ९ दाबत राहा. पेनड्राइव्हवरून सेटअप सुरू झाल्यावर प्रॉडक्ट की विचारली तर ‘माझ्याकडे नाही’ निवडा. आधीचं विंडोज १० अ‍ॅक्टिव्हेट असेल तर तीच आवृत्ती घ्या, होमला होम आणि प्रोला प्रो. नेट जोडलं की परवाना आपोआप लागतो. डिस्कच्या यादीत जुने भाग एकेक करून डिलीट करा आणि रिकाम्या जागेवर ‘नेक्स्ट’ करा. ‘या डिस्कवर एमबीआर आहे’ म्हणून अडलं तर शिफ्ट-एफ१० दाबा आणि उघडलेल्या खिडकीत डिस्कपार्ट, लिस्ट डिस्क, सिलेक्ट डिस्क (पुढे यादीतला नंबर) आणि क्लीन या आज्ञा क्रमाने द्या. सिलेक्टच्या आधी जीबीचा आकडा दोनदा वाचा, क्लीनला मागे फिरणं नाही. पहिल्या सेटअपमध्ये लॅनची वायर किंवा वायफाय जोडू नका, म्हणजे लोकल खातं करता येतं.

मिंटला ४ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. तो रुफसनेच बनवा, पण आधी डाउनलोडचा एसएचए२५६ आकडा (फाइल धड उतरली का ते सांगणारा) मिंटच्या साइटवरच्या आकड्याशी जुळवून पाहा. मिंट पेनड्राइव्हवरूनच पूर्ण चालतं, त्यामुळे काही टाकायच्या आधी आवाज, वायफाय, वेबकॅम तपासून घ्या. पडदा काळाच राहिला तर मेनूतला कम्पॅटिबिलिटी मोड निवडा. ब्रॉडकॉमचं वायफाय दिसलं नाही तर मोबाइल यूएसबीने जोडून टेदरिंग करा आणि ड्रायव्हर मॅनेजरमधून ड्रायव्हर घ्या. मराठी टायपिंगसाठी की-बोर्डच्या सेटिंगमध्ये मराठीचा लेआउट जोडा, आणि टाइमशिफ्टमध्ये आठवड्याला एक स्नॅपशॉट (बिघडलं तर सिस्टीम मागे नेणारी प्रत) लावून ठेवा.

विंडोजवाल्यांसाठी एक गाठ उरते. अटी ओलांडून विंडोज ११ टाकलेल्या मशीनवर महिन्याचे सुरक्षा अपडेट एरवी येतात, पण मायक्रोसॉफ्ट त्याची हमी देत नाही. वर्षाची मोठी आवृत्ती तर आपोआप येतच नाही. होम आणि प्रोच्या प्रत्येक आवृत्तीला २४ महिने आधार असतो, म्हणजे निदान दीड-दोन वर्षांनी नवी आयएसओ उतरवून वरून टाकावी लागते. पेनड्राइव्ह बनवाल त्या दिवशीच कॅबिनेटच्या आतल्या बाजूला आवृत्तीचा नंबर आणि तारीख मार्करने लिहून ठेवा.