उन्हाळा आहे म्हणून पाणी पितोय, असं म्हणण्याआधी

आमचा मन्या बोका बाथरूममधल्या बादलीच्या काठावर चढून पाणी प्यायला लागला, तेव्हा एप्रिल होता. नौपाड्यातलं आमचं घर सगळ्यात वरच्या मजल्यावर, स्लॅब दिवसभर तापलेला. "गरमी आहे, त्यालाही तहान लागणारच," असं म्हणून मी बादली भरून ठेवत राहिले. महिन्याभराने त्याने खाणं सोडलं. रक्त तपासलं तर क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड गाळून बाहेर टाकतं तो टाकाऊ पदार्थ, भलतंच वाढलेलं. हा आकडा वर जातो तोपर्यंत मूत्रपिंडाचं तीन चतुर्थांशाच्या आसपास काम थांबलेलं असतं, हे मला तेव्हा कळलं. मन्या पुढे पाच महिने राहिला.

आता घरात ठकी आहे, आणि तिच्या पाण्याची एक वही आहे.

सकाळी सातला रुंद वाडग्यात 300 मिली पाणी मोजून ओतते. दुसऱ्या दिवशी सातला उरलेलं पाणी परत मापात. पंख्याखाली थोडं पाणी उडूनही जातं, म्हणून तसंच दुसरं वाडगं, तेवढंच पाणी घालून, तिचा पाय पोचणार नाही अशा उंच फळीवर ठेवते. त्यातलं जेवढं कमी झालं तेवढं वजा करायचं. मोजायच्या दिवसांत बादल्यांवर झाकण, कुंड्यांखालच्या ताटल्या कोरड्या, कमोड बंद. तीन दिवस मोजून सरासरी काढा. मांजर धडधाकट असताना हे एकदा करून ठेवा. आजारपणात तोच आकडा हाताशी लागतो.

मांजराला दिवसाला किलोमागे साधारण 50 मिली पाणी लागतं, पण त्यात अन्नातलं पाणीही आलं. पाऊचमधल्या ओल्या खाण्यात तीन चतुर्थांशाहून जास्त पाणीच असतं, कोरड्या दाण्यांत जेमतेम दहावा हिस्सा. 4 किलोची ठकी दाणे खाते तेव्हा दिवसाला 160 मिलीच्या आसपास पिते, उकडलेला मासा मिळाला की 60 वर येते. दोन्ही ठीकच. किलोमागे 100 मिलीच्या वर गेलं तर मात्र तपासणी हवीच. तिथवर थांबूही नका: खाणं तेच असताना नेहमीपेक्षा ठळक वाढ चार दिवस टिकली तरी फोन करा. घरात दोन-तीन मांजरं असतील तर वाडग्यावरून कुणाचं किती हे कळणार नाही. मग लिटरमधले, म्हणजे मांजराच्या शी-शूच्या ट्रेमधल्या वाळूतले, लघवीचे गोळे बघा. लिंबाएवढे असायचे ते मोसंबीएवढे दिसू लागले, की एकेकाला वेगळ्या खोलीत ठेवून मोजा.

पाणी वाढण्यामागे मुख्यतः मूत्रपिंड, मधुमेह नाहीतर थायरॉईड असतं. शेवटच्या दोन्हींत मांजर बहुतेक वेळा चांगलं खातं आणि तरीही वाळत जातं. भूक आहे म्हणून निर्धास्त राहू नका. दर रविवारी मांजराला कडेवर घेऊन वजनकाट्यावर उभं राहायचं, मग आपलं वजन वजा करायचं.

खाणं सुटलं असेल तर पाच मिनिटं नुसतं बघत बसा. वाडग्यापाशी येऊन वास घेते, ओठ चाटते आणि तोंड फिरवते, तर मळमळतंय. दाणा तोंडात घेते पण चावताना पडतो, मान वाकडी करते, तर दात किंवा हिरड्या दुखतायत. नाक चोंदलं असेल तर वासच येत नाही, आणि वास नाही तर मांजर खात नाही. भीतीनेही सुटतं. सोसायटीच्या प्लास्टरचं काम चालू होतं तेव्हा ठकी दिवसभर कपाटामागे असायची. रात्री ड्रिल थांबल्यावर मात्र पोटभर खायची, म्हणून मी धीर धरला.

चेंदणी कोळीवाड्यातल्या मावशींकडून मी बांगडा आणते, नुसत्या पाण्यात उकडते, काटे काढते आणि कोमट असतानाच दोन घास ठेवते. मीठ, हळद काही नाही. कांदा-लसूण तर मांजराला विषच. नाही खाल्लं तर दहा मिनिटांत उचलते. शेजारच्या वहिनी सांगतात तसं दूध देऊ नका, मोठ्या मांजराचं पोट बिघडतं. सिरिंजने जबरदस्ती भरवूही नका. घास श्वासनलिकेत जाऊ शकतो.

हे सगळे उपाय एका दिवसाचे. मोठ्या मांजराने 24 तास काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरकडे न्या, पिल्लाला तर त्याच दिवशी. उपाशी मांजराची चरबी यकृतात साठायला लागते आणि जीवावर बेतू शकतं. गुबगुबीत मांजराला हा धोका जास्त, त्यामुळे "जाड आहे, राहील दोन दिवस" असं अजिबात म्हणू नका. बोका लिटरमध्ये वारंवार बसतोय, जोर लावतोय आणि थेंब पडत नाहीये, तर सकाळची वाट न बघता निघा. आणि अंग गरम लागलं म्हणून पॅरासिटामॉल कधीच नाही. एका गोळीनेही मांजर मरू शकतं.

डॉक्टरांकडे जाताना वही, खाण्याच्या पाकिटाचा फोटो आणि वाडग्यापाशी ती काय करते त्याचा व्हिडिओ न्या. रक्ताबरोबर लघवीचीही तपासणी करायला सांगा. लघवी पातळ होत चालल्याचं पुष्कळदा आधी दिसतं. धास्तीनेही मांजराची साखर चढते, तेव्हा एकाच आकड्यावर मधुमेह धरून बसू नका. फ्रुक्टोसामाइनबद्दल विचारा, त्या रक्ततपासणीत मागच्या एक-दोन आठवड्यांतली सरासरी साखर कळते.

मांजर न्यायचा आमचा कॅरियर हॉलमध्ये कायम उघडा असतो, आत आईची जुनी सुती साडी. ठकी दुपारी तिथेच झोपते. निघायची वेळ आली की दार लावायचं आणि खाली उतरून रिक्षा बघायची.