घरात सगळे असतात, पण सोबत कोणीच नसतं? मग हे करून बघा

आज रात्री सगळे हॉलमध्ये बसलेले असताना एक काम करा, काहीही न बोलता पाच मिनिटं नुसतं बघा की कोण काय करतंय. कळणारच नाही! एकजण लाईट बिल भरत असेल, दुसरा रील बघत असेल, तिसरी ऑफिसच्या मेलला उत्तर देत असेल, पण बाहेरून सगळे सेमच दिसतात, मान खाली आणि चेहरा कोरा. माझ्या मते खरा घोळ इथेच आहे, किती तास मोबाईल बघितला हा नंतरचा प्रश्न. पूर्वी कोणी पेपर वाचत असलं तर ते दिसायचं, मधेच एखादी बातमी मोठ्याने वाचून दाखवली जायची, रेडिओ तर लावला की सगळ्यांनाच ऐकू जायचा. मोबाईलची समोरच्याला फक्त पाठ दिसते.

1970 च्या दशकात एडवर्ड ट्रॉनिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने एक प्रयोग केला होता. त्यात आई बाळाशी खेळता खेळता अचानक चेहरा एकदम निर्विकार करते, बाळ आधी हसून बघतं, हात पुढे करतं, आवाज काढतं आणि तरी काही होत नाही म्हटल्यावर रडकुंडीला येतं. मोबाईल तेव्हा कुठे होते, पण तो कोरा चेहरा आता आपण रोज घरात करतो, आणि समोरचा बाळ नसला म्हणून त्याला काही वाटत नाही असं थोडंच आहे.

म्हणून पहिली सवय ही लावा की मोबाईल हातात घेताना कशासाठी घेतोय ते बोलून दाखवायचं. "बिल भरतोय, दोन मिनिटं." "मैत्रिणीला रिप्लाय देते आणि ठेवते." सुरुवातीला जाम वेडपट वाटतं, पण दोन फायदे होतात, एक म्हणजे समोरच्याला कळतं की आपल्याला टाळलं जात नाहीये, आणि दुसरं म्हणजे "मी आता उगाच स्क्रोल करणार आहे" हे मोठ्याने बोलायची आपल्यालाच लाज वाटते :)

आमच्याकडे आधी "रविवारी मोबाईल बंद" असा नियम काढला होता, दोन रविवार चालला आणि बारगळला. कारण मीच. ऑफिसचा मेसेज आला म्हणून मी फोन घेतला तर मुलगा म्हणाला, "बाबा, तुमचं ते काम आणि आमचा तो टाइमपास का?" काय बोलणार! तेव्हा नियम करायचाच असेल तर तो मोठ्यांपासून सुरू करा, आणि अख्ख्या दिवसाचा नको, रात्रीच्या जेवणाचा अर्धा तास पुरे.

त्या अर्ध्या तासात फोन सायलेंट करून टेबलावर उलटा ठेवू नका, दुसऱ्या खोलीत ठेवा, कारण समोर दिसला की हात जातोच. "पण अर्जंट कॉल आला तर?" हे कारण हमखास पुढे येतं, त्यावर उपाय फोनमध्येच आहे. डू नॉट डिस्टर्ब लावा आणि त्यात ठराविक लोकांचे कॉल येऊ द्या, शिवाय लागोपाठ दुसऱ्यांदा कॉल करणाऱ्याचा फोन वाजू द्यायचं सेटिंग असतं तेही चालू ठेवा, आयफोनमध्ये 3 मिनिटांत आणि अँड्रॉइडवर 15 मिनिटांत त्याच माणसाचा परत कॉल आला तर रिंग वाजते. ग्रुप म्यूट करा, शॉपिंगच्या ॲपची नोटिफिकेशन्स बंद करा, व्हिडिओचं ऑटोप्ले बंद करा. हे ऑटोप्ले फार वाईट, "हा एपिसोड संपला की उठू" म्हणेपर्यंत पुढचा सुरू झालेला असतो.

आता मुलं. अगदी लहान असतील तर जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितलंय ते सोपं आहे, 2 वर्षांच्या आत स्क्रीन नकोच, आणि 2 ते 4 वर्षांच्या मुलांना दिवसाला 1 तासापेक्षा जास्त नको, कमी असेल तर आणखी चांगलं. टीनएजर मात्र वेगळं प्रकरण. तो ऑनलाइन गेम खेळत असताना "आत्ताच्या आत्ता बंद कर" म्हणू नका, ती मॅच मधेच पॉज होत नाही, चार मित्र सोबत खेळत असतात आणि हा उठला की टीम अडकते. आधी विचारा "किती वेळ राहिलाय?" आणि मॅच संपली की उठायचं असं ठरवा. कधीतरी शेजारी बसून विचारा की हे काय चाललंय, पाच मिनिटं समजावून सांगेल तो, आपल्याला कळलं नाही तरी चालतं. आणि पासवर्ड घेऊन गुपचूप चॅट वाचायचा उद्योग नको, एकदा पकडले गेलात की बोलणंच बंद होतं.

आजी-आजोबांना फॉरवर्डवरून चिडवण्यापेक्षा "काय आलंय, वाचून दाखवा" म्हणा, निम्म्या वेळा त्यांना तेच हवं असतं. लांब राहणाऱ्या माणसाचा व्हिडिओ कॉल एकट्याने कानात इअरफोन घालून घेऊ नका, फोन मध्ये टेकवून ठेवा म्हणजे सगळ्यांना बोलता येतं. सिनेमाही प्रत्येकाने आपापल्या स्क्रीनवर वेगळा बघण्यापेक्षा मोठ्या स्क्रीनवर एकच लावा, कुठला लावायचा यावर भांडण होईल, होऊ दे, तेवढंच बोलणं.

रात्री सगळ्यांचे फोन बेडरूमच्या बाहेर एकाच जागी चार्जिंगला लावायचे. अलार्मसाठी साधं घड्याळ आणा, नाहीतर तेच निमित्त करून फोन उशाशी येतो. आणि हो, त्या जागी घरातल्या सगळ्यांना पुरतील एवढे प्लग आणि चार्जर आहेत का ते आधी बघून घ्या, आमच्याकडे एक कमी होता आणि पहिल्याच रात्री त्यावरून वाद झाला.