लहान मुलांचा सर्जन घडवायचा तर: खान्देशातल्या सिनियर मंडळींसाठी

धुळे, जळगाव, नंदुरबार, तिन्हीकडे आता सरकारी मेडिकल कॉलेज आहे, आणि सर्जरीचं एमएस करणाऱ्या दर बॅचमध्ये एखादा पोरगा किंवा पोरगी तरी असतेच जिला लहान मुलांच्या केसेस आवडतात. पुढे नीट एसएस ही सुपरस्पेशालिटीची प्रवेशपरीक्षा द्यायची, मग 3 वर्षं एमसीएच, म्हणजे लहान मुलांच्या सर्जरीची पदवी, त्यासाठी बहुतेक मुंबई-पुणे नाहीतर परराज्य. तिथे जायच्या आधीची वर्षं मात्र आपल्या हातात असतात, आणि माझं म्हणणं आहे की सर्जनचं डोकं याच वर्षांत तयार होतं, हात नंतर होतात.

म्हणून सुरुवात सुरीपासून करू नका, उलटीपासून करा. नवजात बाळाला हिरवी उलटी झाली की आतड्याला पीळ पडलाय असंच धरून चालायचं, तसं नाही हे सिद्ध होईपर्यंत. हे रेसिडेंटला, म्हणजे एमएस करणाऱ्या शिकाऊ डॉक्टरला, झोपेतून उठवून विचारलं तरी आलं पाहिजे, कारण पीळ पडलेलं आतडं काही तासांत काळं पडतं आणि सातपुड्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याकडून खाली येईपर्यंतच अर्धा वेळ गेलेला असतो. तसंच जन्मल्यापासून तोंडाला फेस आणि पोटात घालायची ट्यूब 10 सेंटीमीटरच्या आसपास अडतेय, म्हणजे अन्ननलिका जोडलेली नाही, दूध बंद, डोक्याकडची बाजू उंच, फेस ओढत राहायचा आणि मगच गाडीत घालायचं. कावीळ दोन आठवड्यांच्या वर गेली आणि शी पांढरट आहे तर गावठी औषधात वेळ घालवू द्यायचा नाही, कारण बंद पित्तनलिकेचं ऑपरेशन (कसाई या जपानी सर्जनच्या नावाचं) 60 दिवसांच्या आत झालेलं बरं. आणि प्रत्येक नवजात बाळाची शीची जागा उघडून बघायची, स्वतः बघायची, "नर्सने बघितलंय" चालणार नाही.

हिस्ट्री घेणं हा अर्धा धडा आहे. आई अहिराणीत बोलणार, पावरीत बोलणार, आणि डॉक्टर पुस्तकी मराठीत विचारायला लागला की ती नुसती मान हलवते. रेसिडेंटला आईशेजारी खाली बसायला लावा, "काय व्हयनं माय" एवढ्याने सुरू करू द्या, आजीलाही विचारू द्या कारण बाळाला अंघोळ तीच घालते, हर्नियाची गाठ पहिल्यांदा तिलाच दिसलेली असते. तुम्ही मागे उभे राहा आणि मध्ये तोंड घालू नका, हे आपल्याला फार जड जातं मला माहितीये.

आता ओटी. टेबलवर बाळ घ्यायच्या आधी रोज तीन प्रश्न: वजन किती, अंगात रक्त किती, किती गेलं तर आपण थांबणार. 3 किलोच्या बाळात किलोला 80-85 मिली धरून साधारण 250 मिली रक्त, म्हणजे 25 मिली गेलं की मोठ्या माणसाचं अर्धा लिटर गेल्यासारखं. भिजलेले गॉज वजन करून मोजायला लावा, नजरेचा अंदाज फसतो. एसी बंद, बाळाचे हातपाय कापसात गुंडाळलेले, सलाइन कोमट, साखर तपासलेली, हे सगळं रेसिडेंटने स्वतः बघायचं.

हाताची प्रॅक्टिस घरी होते. केळी आपल्याकडे रावेर-यावलची, कमी नाहीत, केळीच्या सालीवर 5-0 नंबरच्या बारीक धाग्याने टाके घालायला सांगा, जरा जास्त ओढलं की साल फाटते आणि बाळाच्या आतड्यालाही नेमकं तेच होतं. पुढे खाटकाकडून बोकडाचं आतडं आणून जोडायला लावा. दुर्बिणीच्या ऑपरेशनच्या सरावासाठी पुठ्ठ्याच्या खोक्यात मोबाइल लावला तरी भागतं.

केस देताना शेवटाकडून द्या. आधी स्किन क्लोजर, मग पोट बंद करणं, मग उघडणं, आणि मधला भाग सगळ्यात शेवटी. पहिली पूर्ण केस दोन-चार वर्षांच्या मुलाचा हर्निया असावी, तिथे मोठ्यांसारखी जाळी बसवायची नसते, हर्नियाची पिशवी मोकळी करून वर बांधायची असते, पण वीर्यनलिका आणि रक्तवाहिन्या बाजूला दिसल्याशिवाय बांधायचं नाही, "दाखव" म्हणा आणि दाखवल्यावरच पुढे जाऊ द्या. कमी दिवसांच्या बाळाचा हर्निया नवख्याला अजिबात देऊ नका, ती पिशवी कागदापेक्षा पातळ असते, बोट लागलं की फाटते. आणि सगळ्यांसमोर ओरडायचं नाही. हात थरथरत असेल तर आपला हात शांतपणे वरून ठेवायचा, केस झाल्यावर त्याच दिवशी दहा मिनिटं बसायचं, आधी त्याला बोलू द्यायचं की काय जमलं, काय नाही.

फॉलोअप शिकवायचा राहून जातो आणि मला सगळ्यात वाईट याचंच वाटतं. शीची जागा नसलेल्या बाळाला बऱ्याचदा आधी पोटावर शीचा मार्ग काढतात, मग नवी जागा बनवतात, मग पोटावरचा बंद करतात, म्हणजे तीन ऑपरेशनं आणि मध्ये रोजचं डायलेशन, म्हणजे नवी जागा आकसू नये म्हणून ती रुंद करणं, जे आईच करणार. रेसिडेंटने आईकडून ते आपल्यासमोर करवून घ्यायचं, पोटावरच्या मार्गाला लावायच्या पिशव्या परवडत नसतील तर स्वच्छ सुती कापड कसं बांधायचं तेही दाखवायचं. तारीख देताना विचारायचं की ऊसतोडीला गुजरातकडे कधी निघणार. दिवाळीनंतर सातपुड्यातली बरीच घरं बंद असतात आणि माणसं होळीला परत येतात, त्यामुळे जानेवारीची तारीख लिहून दिली तर ते बाळ येणारच नाही, आणि मग आपण म्हणणार आईबाप निष्काळजी. तसं नाहीये हो. होळीनंतरची तारीख द्या, तोपर्यंत फोन चालू ठेवा.

एमसीएचला गेल्यावरही त्याला सोडू नका, इथले एक्सरे पाठवून मत विचारा. आणि तो परत इकडे यायचं म्हणत असेल तर तो यायच्या आधीच बाळांना भूल द्यायला तयार असलेला अ‍ॅनेस्थेटिस्ट शोधून ठेवा, एनआयसीयूवाल्यांशी (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग) बोलून ठेवा, लहान इन्स्ट्रुमेंटचा एक सेट मागवून ठेवा, कारण हे तीन नसतील तर कितीही चांगला सर्जन असला तरी तो वर्षभरात परत मुंबईला जाईल.