जुन्या इंजिनाचे ऑइल प्रेशर पडते किंवा काटा हलतो, तेव्हा दोष कसा शोधावा

चालत्या गाडीत ऑइलचा लाल दिवा लागला, तर पहिले काम दोष शोधण्याचे नसून इंजिन बंद करण्याचे आहे. बहुतेक जुन्या गाड्यांत हा दिवा प्रेशर साधारण ०.३ ते ०.५ बारच्या खाली गेल्यावरच लागतो. म्हणजे तो पूर्वसूचना देत नाही, बेअरिंगला तेल जवळजवळ पोचेनासे झाल्याचे सांगतो. गाडी बाजूला घ्यावी, चावी फिरवावी आणि गॅरेज कितीही जवळ असले तरी तिथवर टोचन लावूनच जावे.

पुढची तपासणी करताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पंप प्रेशर तयार करत नाही, तो फक्त तेल ढकलतो. प्रेशर तयार होते ते तेलाला क्रँक, कनेक्टिंग रॉड आणि कॅमच्या बेअरिंगमधल्या बारीक फटीतून वाट काढावी लागते म्हणून. साधारण ५० मिलिमीटर व्यासाच्या जर्नलला (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या क्रँकच्या गुळगुळीत भागाला) ही फट ०.०५ मिलिमीटरच्या आसपास असते, आणि ती दुप्पट झाली तर त्याच प्रेशरला तिच्यातून निसटणारे तेल दुप्पट नव्हे, जवळपास आठपट होते. पंप तेवढे तेल पुरवू शकला नाही की काटा पडतो. म्हणून प्रेशर कमी दिसले की लोक आधी पंपाला दोष देतात, तो बहुधा घाईचा असतो.

काटा केव्हा पडतो, ते आधी लिहून काढा

पाना हातात घेण्यापूर्वी दोन दिवस गाडी चालवून नोंद करावी. अर्थात दिवा लागत नसेल तरच. सकाळी थंड इंजिनावर प्रेशर भरपूर, आणि तासाभराने गरम झाल्यावर स्लो रनिंगला (गाडी उभी, रेस न देता इंजिन चालू असताना) खाली, पण रेस दिली की पुन्हा वर, असे असेल तर पातळ झालेले तेल किंवा झिजलेली बेअरिंग यांच्याकडे बोट जाते. थंड असतानाही प्रेशर कमीच असेल, तर रिलीफ व्हॉल्व्ह (जादा प्रेशर सोडून देणारा स्प्रिंगचा व्हॉल्व्ह), पंप किंवा मीटर. स्लो रनिंगला ठीक, पण हायवेवर सतत रेस राहिल्यावर उतरणारा काटा बहुतेक वेळा चेंबरमधली, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या भांड्यातली, पंपाला तेल गाळून देणारी जाळी चोंदल्याचे लक्षण असते. घाटातल्या वळणावर किंवा जोरात ब्रेक लावल्यावर क्षणभर पडणारा काटा म्हणजे तेलाची पातळी कमी. हॉर्न वाजवल्यावर किंवा हेडलाइट लावल्यावर काटा हलत असेल, तर इंजिनाला हात लावू नये. ती अर्थिंगची तक्रार आहे.

किती प्रेशर असावे, याचे खरे उत्तर त्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये असते. ते हाताशी नसेल तर गरम इंजिनाला दर १,००० फेऱ्यांमागे १० पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ०.७ किलो (जवळपास ०.७ बार), हा जुना ढोबळ हिशेब कामाला येतो. त्यामुळे वय झालेल्या इंजिनात गरम स्लो रनिंगला ८-१० पीएसआय दिसले म्हणून लगेच इंजिन उतरवण्याची गरज नाही.

डिपस्टिक

गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर दहा मिनिटांनी डिपस्टिक काढावी. पातळी पाहून ती परत खोचून टाकण्याची सवय बहुतेकांना असते, पण खरी माहिती तेलाच्या थेंबात आहे. तो दोन बोटांत चोळून पाहावा आणि त्याचा वास घ्यावा. पेट्रोलचा वास येत असेल आणि वरून न टाकताच पातळी वाढत असेल, तर पद्मिनी किंवा अॅम्बेसेडरसारख्या कार्ब्युरेटरच्या गाडीत मेकॅनिकल फ्यूएल पंपाचा पडदा फाटून पेट्रोल चेंबरमध्ये उतरत आहे, असे समजावे. डिझेल गाडीत हेच फीड पंपाच्या किंवा गळक्या इंजेक्टरच्या मार्गाने होते. तेल दुधाळ, चहाच्या रंगाचे दिसले तर त्यात पाणी मिसळले आहे आणि हेड गॅस्केटची चौकशी आधी करावी लागेल. पातळी वरच्या खुणेच्या बरीच वर असणेही वाईटच, कारण क्रँक तेलाला घुसळून फेस करतो, आणि फेस पंपात गेला की काटा थरथरतो.

तेल बदलायचेच असेल तर मॅन्युअलमधल्या ग्रेडचे टाकावे. १५डब्ल्यू-४० ऐवजी २०डब्ल्यू-५० टाकल्यावर काटा वर जातो हे खरे, कारण दुसरा आकडा गरम तेलाचा दाटपणा सांगतो; पण त्याने झीज भरून निघत नाही, फक्त दिसेनाशी होते. काजळीने भरलेल्या जुन्या इंजिनात फ्लशिंग ऑइल तर मी कधीच टाकत नाही, कारण सुटलेला गाळ थेट जाळीत जाऊन बसतो.

मीटर खरे बोलतो का?

दिव्याचा स्विच एका वायरीचा असतो आणि तो प्रेशर नसताना ती वायर बॉडीला अर्थ करतो. चावी चालू, इंजिन बंद अशा स्थितीत ती वायर काढली की दिवा विझला पाहिजे आणि तिचे टोक ब्लॉकला टेकवले की लागला पाहिजे. वायर काढूनही दिवा जळत राहिला, तर ती मध्येच कुठेतरी सोलून बॉडीला लागली आहे.

यानंतर, आणि काहीही उघडण्यापूर्वी, सेंडर (ब्लॉकवर बसून मीटरला प्रेशर कळवणारा भाग) काढून त्या जागी साधा मेकॅनिकल गेज लावावा. आट्यांचे माप जुळणारा अडॅप्टर घ्यावा, जोड घट्ट करावा, पाइप सायलेन्सरला टेकू देऊ नये. गरम तेलाची चिळकांडी हात भाजते आणि पेटूही शकते. इंजिन पूर्ण गरम करून स्लो रनिंगचा आणि साधारण २,००० फेऱ्यांवरचा, असे दोन आकडे लिहून घ्यावेत. आकडे ठीक आले तर नवा सेंडर बसवून काम संपले.

बाहेरून होणारी कामे

आकडे खरोखरच कमी असतील तर तेल आणि फिल्टर बदलून पुन्हा मोजावे. जुन्या फिल्टरचे रबर ब्लॉकला चिकटून राहिलेले नाही ना, हे बोट फिरवून पाहावे. दोन रबरे एकावर एक बसली तर तेल धारेने बाहेर पडते. सकाळी स्टार्ट केल्यावर दिवा चार-पाच सेकंद रेंगाळत असेल, तर फिल्टरमधला तेल धरून ठेवणारा पडदा निकामी असण्याची शक्यता मोठी असते.

मग रिलीफ व्हॉल्व्ह. अॅम्बेसेडरच्या जुन्या १,४८९ सीसी इंजिनासारख्या काही इंजिनांत तो ब्लॉकवर बाहेरून, घुमटाकार नटाखाली सापडतो. इतरांत तो पंपातच असतो. आतली स्प्रिंग नव्या स्प्रिंगशेजारी उभी करून उंची ताडून पाहावी, आणि व्हॉल्व्ह आपल्या भोकात अडखळत नाही ना, त्याच्या बसण्याच्या कडेवर ओरखडा किंवा कचरा नाही ना, हे पाहावे. स्प्रिंगखाली वॉशर भरून प्रेशर वाढवण्याची युक्ती सर्रास चालते. गरम स्लो रनिंगला तिचा काही उपयोग नाही, कारण त्या वेळी सुस्थितीतला व्हॉल्व्ह बंदच असतो.

चेंबर उतरवल्यावर

गाडी जॅकवर न ठेवता भक्कम स्टँडवर घ्यावी, चाकांना उटी लावावी आणि तेल कोमट असताना काढावे. माझ्या जुन्या डिझेल जीपचा काटा वर्षभर चढावर रेस दिली की उतरायचा, आणि मी मनात बेअरिंगचा खर्च धरून बसलो होतो. चेंबर उतरवल्यावर जाळीच्या तोंडाशी काळ्या सिलिकॉनचे करंगळीच्या नखाएवढे तीन तुकडे चिकटलेले दिसले. दोन वर्षांपूर्वी चेंबरचे पॅकिंग बसवताना ते सिलिकॉन मीच हात सैल सोडून लावले होते. आतल्या बाजूला दाबले गेलेले तेच सुटून जाळीवर आले होते.

जाळी डिझेलने धुवावी आणि पंपाकडे जाणाऱ्या नळीचा जोड व पॅकिंग तपासावे. तिथे तडा असेल तर तेलाबरोबर हवा ओढली जाते. पंपाचे झाकण काढून गिअरवर स्टीलची पट्टी आडवी ठेवावी आणि फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) फट मोजून मॅन्युअलशी ताडावी. झाकणावर गिअरने गोल खड्डा पाडला असेल, तर ते सपाट करून घ्यावे किंवा पंप बदलावा.

शेवटी क्रँकच्या बेअरिंगची एक मेन कॅप आणि कनेक्टिंग रॉडची एक बिग एंड कॅप उघडून आतले शेल, म्हणजे बेअरिंगची अर्धगोल पट्टी, पाहावे. करड्या थराखालून तांबूस रंग डोकावत असेल तर शेल संपले आहे. फट प्लास्टिगेजच्या (कॅप आवळल्यावर दबून फटीचे माप दाखवणाऱ्या मऊ प्लास्टिकच्या) पट्टीने मोजावी, आणि जर्नल मायक्रोमीटरने मोजल्याशिवाय नुसते नवे शेल घालू नये. जर्नल लंबगोल झाला असेल तर क्रँक ग्राइंड करून ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटर अंडरसाइझ शेल घ्यावे लागते. हे काम मात्र मशीन शॉपचेच आहे.

सगळे परत बांधताना पंपात तेल भरून घ्यावे, नाहीतर कोरडा गिअर पंप पहिल्या फेऱ्यांत तेल उचलतच नाही. डिझेल बंद ठेवून किंवा प्लग काढून, काटा हलेपर्यंत थोडा थोडा स्टार्टर मारावा आणि मगच इंजिन चालू करावे. गरम झाल्यावर त्याच मेकॅनिकल गेजवर तेच दोन आकडे पुन्हा घ्यावेत. माझ्या जीपचे बॉनेटच्या आतल्या बाजूला तारखेसह रंगाने लिहिलेले आहेत.