पारंपरिक धनुष्याचं ट्यूनिंग: आधी दोरी, मग बाण

आधी ब्रेस हाइट बघा, म्हणजे मुठीच्या सर्वांत खोल भागापासून दोरीपर्यंतचं अंतर. लाँगबोला (लांब, साधं धनुष्य) साधारण 6 ते 7 इंच, रिकर्व्हला (टोकं पुढे वळलेलं धनुष्य) 7.5 ते 8.5, बनवणाऱ्याने आकडा दिला असेल तर तोच धरा. दोरीला पीळ वाढवला की अंतर वाढतं. नवी दोरी ताणते, म्हणून काही डझन बाण मारून पुन्हा मोजा. सोडताना आवाज किंवा हादरा जास्त वाटला तर थोडा पीळ देऊन बघा.

मग नॉकिंग पॉइंट, म्हणजे दोरीवर बाण अडकवायची जागा. बाण शेल्फवरूनच (मुठीच्या वर बाण टेकवायची खाच) सोडत असाल तर गुण्या लावून काटकोनापेक्षा अर्धा इंच वर दोऱ्याची गाठ बांधा. गाठ फार खाली असेल तर बाण शेल्फवर आपटून उसळतो आणि ती वरच आहे असं भासतं. इथे बरेच जण फसतात. म्हणून वरून सुरुवात करून हळूहळू खाली या.

आता 10-15 मीटरवरून पिसांचे तीन आणि बिनपिसांचे दोन बाण मारा. आधी वर-खालीचा फरक मिटवा: बिनपिसांचे पिसांच्या बाणांपेक्षा खाली लागले तर गाठ वर आहे. मग आडवा फरक. उजव्या हाताने ओढणाऱ्याचे ते डावीकडे गेले तर बाण ताठ, टोक जड करा. उजवीकडे गेले तर लवचीक, टोक हलकं करा किंवा दांडा पाव-पाव इंच कापा. कापलेलं परत येत नाही, तेव्हा आधी टोक बदलून बघा. बाण न लावता ओढलेली दोरी सोडू नका, धनुष्याच्या पाती (मुठीच्या वर-खालचे वाकणारे भाग) तुटू शकतात.